बोलणारी काच : दृष्टिहीनांसाठी सुगम्य मोबाइल

नवी दिल्लीच्या दक्षिण भागात लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारच्या नोकरवर्गाची वसाहत आहे. तेथून जवळच आय. एन. ए. हे मेट्रो रेल्वेचे स्थानक असून पिवळा व गुलाबी हे दोन मार्ग तेथे एकमेकांस मिळतात. ह्या वसाहतीतील एखादी दृष्टिहीन व्यक्ती सकाळी कचेरीस निघाली आहे, अशी कल्पना करू. स्थानकाच्या दारापासून फलाटापर्यंत जमिनीवर पिवळ्या फरशांची एक पट्टी गेलेली असते. त्यांपैकी काही फरशांवर लांब उठावाच्या रेघा असतात, तर काहींवर गोल उंचवटे. रेघा म्हणजे 'चालत राहा', उंचवटे म्हणजे 'थांबा, पुढे जपून'. ही लिपी पायाला कळते व काठीलाही कळते. गाडीत पुढील स्थानकाचे नाव पुकारले जाते. येथवर दृष्टीवाचून काम भागते.

परंतु त्याच व्यक्तीच्या खिशात काचेची एक गुळगुळीत पाटी आहे. तिच्यावर रेघ नाही, उंचवटा नाही, कोपऱ्यातील एखाददुसरी कळ सोडली तर बोटाला ओळखीची अशी एकही खूण नाही. आणि पगार जमा झाल्याचा निरोप, बँकेने पाठविलेला गुप्त आकडा, गावाकडच्या भावाने लिहिलेला मजकूर, हे सारे त्या पाटीवरच येते. डोळ्यांनी न पाहता ही काच वाचावयाची कशी, ह्याचा विचार प्रस्तुत पुस्तिकेत करावयाचा आहे.

प्रश्न थोड्यांचा नाही. २०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५०,३२,४६३ इतकी नोंदली गेली. त्यांत पूर्ण अंध आहेत, तसेच ज्यांना थोडेफार दिसते असेही आहेत. ह्या माणसांच्या आयुष्यात पूर्वी एक अडचण अशी होती, की तिची चर्चा क्वचितच होई. पत्र आले की ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. वाचणारा कितीही जवळचा असो, पत्र आधी त्याला कळे आणि मग ज्याचे त्याला. बँकेच्या पासबुकाचे तेच, डॉक्टरांच्या अहवालाचेही तेच. मोबाइल सुगम्य आहे की नाही, ह्या प्रश्नामागे खरा प्रश्न हा आहे, की आपले पत्र सर्वांआधी आपल्याला वाचता येते की नाही.

बटणे गेली, काच आली

जुन्या मोबाइलला बटणे असत, आणि ५ ह्या आकड्याच्या बटणावर एक बारीक उंचवटा असे. अद्यापही बटणांच्या दूरध्वनीवर तो आढळतो. वाचकांनी तो बोटाने शोधून पाहावा. तो सापडला की वर २, खाली ८, डावीकडे ४, उजवीकडे ६, असा सारा चौरस बोटाच्या ध्यानात येतो. दूरध्वनी करण्यास ह्याहून अधिक काही लागत नाही. आलेला निरोप वाचणे मात्र शक्य नव्हते. चालू शतकाच्या आरंभी काही महागड्या मोबाइलांत पडद्यावरील अक्षरे बोलून दाखविणारे स्वतंत्र प्रोग्राम घालता येऊ लागले, पण ते वेगळे विकत घ्यावे लागत आणि सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते.

२००७ साली आयफोन बाजारात आला आणि बटणांचा काळ मावळू लागला. तेव्हा दृष्टिहीनांच्या वर्तुळात चिंतेचे वातावरण होते, आणि ती चिंता साधार होती. आतापर्यंत जे बोटाला कळत होते, तेही आता काचेखाली गेले. पुढे दोनच वर्षांत चित्र पालटले. २००९ च्या जून महिन्यात आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' हा बोलणारा प्रोग्राम मूळ यंत्रातच अंतर्भूत होऊन आला. त्याच वर्षी अँड्रॉइड मोबाइलांसाठी 'टॉकबॅक' आला. त्यांसाठी वेगळे पैसे पडत नव्हते. दुकानातून घेतलेला मोबाइल घरी आणून तोच अंध व्यक्तीने वापरावा, ही गोष्ट तेव्हापासून शक्य झाली.

ह्या कामाशी पुण्यात वाढलेल्या एका संशोधकाचे नाव जोडलेले आहे. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ साली पुण्यात झाला. काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयात गणित, मग मुंबईच्या आय. आय. टी.त गणित व संगणकशास्त्र असे शिक्षण घेऊन ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले. तेथील त्यांचा १९९४ चा प्रबंध गणिताची सूत्रे कानांनी कशी वाचावी ह्या विषयावर आहे. ही अडचण खरीच मोठी आहे. 'क अधिक ख चा वर्ग' असे कोणी म्हटले, तर वर्ग एकट्या ख चा की दोहोंच्या बेरजेचा? कागदावर कंस पाहून शंका फिटते. कानाला कंस दिसत नाही. रामन यांनी अशा ठिकाणी आवाजाच्या पट्टीचा उपयोग केला. घातांक किंचित वरच्या पट्टीत बोलावयाचा, पायाशी लिहिलेली खूण खालच्या पट्टीत. गाणे ऐकण्याची सवय असलेल्या कानाला हे चटकन उमगावे.

पुढे गूगल ह्या कंपनीत काम करीत असताना चार्ल्स चेन ह्या सहकाऱ्यासमवेत त्यांनी काचेवरून क्रमांक फिरविण्याची एक युक्ती काढली. काचेवर ५ चा आकडा नेमका कोठे आहे हे अंध व्यक्तीला शोधता येत नाही. तर मग तो शोधावयाचाच कशाला? बोट प्रथम जेथे टेकेल, तेथेच ५ मानावा. तेथून बोट वर सरकविले की २, खाली ८, तिरपे वर डावीकडे नेले की १. चूक झाली तर मोबाइल हातात हलवावा, शेवटचा आकडा पुसला जाई. जुन्या बटणावरचा तो उंचवटा अशा रीतीने बोटाबरोबर हिंडू लागला. मौज अशी, की ही युक्ती डोळसांनाही उपयोगी होती; रस्त्याने चालता चालता मोबाइलकडे पाहणे कोणालाच हितावह नसते.

नाव नसलेले बटण

आता ही काच बोलते कशी ते पाहू. काचेखाली विजेच्या अतिशय बारीक, पारदर्शक वाहकांची आडवी-उभी जाळी असते. आपले शरीर वीजवाहक असल्यामुळे बोट जवळ येताच त्या ठिकाणची विद्युत्धारिता बदलते, आणि कोणत्या आडव्या व कोणत्या उभ्या रेषेच्या छेदावर बदल झाला त्यावरून बोटाचे स्थान यंत्रास कळते. लाकडी काडीने काच दाबून पाहा, काही होणार नाही.

स्थान कळले, पण त्या स्थानी काय आहे हे कोण सांगणार? एक सामान्य समज असा आहे, की बोलणारा प्रोग्राम माणसाप्रमाणे पडद्याकडे 'पाहतो' आणि दिसेल ते वाचतो. तसे नाही. मोबाइलमधील प्रत्येक ॲप पडद्यावर जे जे मांडते, त्याची एक यादी मोबाइलच्या मूळ कार्यप्रणालीजवळ देत असते. त्या यादीत प्रत्येक वस्तूचे नाव, तिची जात आणि तिची स्थिती नोंदलेली असावी लागते. उदाहरणार्थ, 'पाठवा' हे नाव, 'बटण' ही जात, 'सध्या बंद' ही स्थिती. बोलणारा प्रोग्राम, ज्याला आपण पडदावाचक म्हणू, ही यादी वाचतो. बोट एखाद्या वस्तूवर आले की पडदावाचक तिचे नाव उच्चारतो. तिच्यावर दोनदा टिचकी मारली तरच ती कृती घडते. बोट उजवीकडे फटकारले की पुढची वस्तू, डावीकडे फटकारले की मागची. एका टिचकीने काहीच घडत नाही, ही मोठी सोय आहे. कारण वाचण्यासाठी स्पर्श करणे आणि आज्ञा देण्यासाठी स्पर्श करणे ह्यांत भेद राहतो.

आता समजा, ॲप तयार करणाऱ्याने कागदी विमानाचे सुरेख चित्र काढून त्याचे बटण केले, पण यादीत नावाची जागा रिकामी ठेवली. डोळसाला विमान दिसते, तो समजतो की येथून निरोप जातो. दृष्टिहीनाला ऐकू येते ते एवढेच, की येथे एक बटण आहे आणि त्याला नाव नाही. शेजारच्या तीन बटणांनाही नाव नसेल, तर चौघांपैकी निरोप पाठविणारे कोणते आणि पुसून टाकणारे कोणते हे दाबल्यावाचून कळण्याचा मार्ग नाही. नाव लिहिण्यास प्रोग्राम रचणाऱ्याला अर्धा मिनिट पुरतो. महागडे यंत्र, खास बनावटीचा मोबाइल, ह्यांची चर्चा फार होते. प्रत्यक्षात बहुतेक माणसे अडतात ती ह्या अर्ध्या मिनिटापाशी.

ज्यांना थोडे दिसते त्यांच्या गरजा वेगळ्या. अक्षरे मोठी करणे, पांढऱ्यावर काळ्याऐवजी काळ्यावर पांढरे करणे, पडद्याचा एक भाग भिंगाखाली धरल्यासारखा वाढविणे, ह्या सोयी आता सर्वसाधारण मोबाइलांत असतात. फिकट करड्या पार्श्वभूमीवर फिकट निळी अक्षरे छापण्याची जी फॅशन आहे, तिच्यापुढे मात्र ह्या सोयीही पुष्कळदा हात टेकतात.

लिहिण्यासाठी ब्रेल लिपीही काचेवर आली आहे. मोबाइल आडवा, पडदा आपल्यापासून पलीकडे करून दोन्ही हातांत धरावयाचा आणि दोहों हातांची तीन तीन बोटे काचेवर टेकावयाची, म्हणजे ब्रेलचे सहा ठिपके झाले. आयफोनवर ही सोय २०१४ साली आली, टॉकबॅकमध्ये २०२० साली. भारती ब्रेलमध्ये क म्हणजे पहिला व तिसरा ठिपका. म म्हणजे पहिला, तिसरा व चौथा. ल म्हणजे पहिला, दुसरा व तिसरा. 'कमल' हा शब्द असा तीन स्पर्शांत लिहून होतो. सराव झालेला मनुष्य ह्या रीतीने डोळसाइतक्याच वेगाने लिहू शकतो.

यंत्राने मराठी कशी वाचावी

यादीतील नाव मराठीत असले, तर ते मराठीत उच्चारण्याचे काम दुसऱ्या एका प्रोग्रामकडे जाते. येथे आपल्या भाषेचे खाचखळगे लागतात. देवनागरी जशी लिहितात तशीच वाचतात, असे आपण शाळेत शिकतो. ते पूर्ण खरे नाही. 'करवत' हा शब्द लिहिताना चार अक्षरे होतात, बोलताना मात्र आपण 'कर्-वत्' अशी दोनच अवयवांत त्याची वाटणी करतो. मधला आणि शेवटचा अकार कोठे गाळावा हे मराठी मुलाला कोणी शिकवीत नाही; यंत्राला ते नियमाने शिकवावे लागते.

त्याहून अवघड गोष्ट च आणि ज ह्यांची. 'हे जग मोठे आहे' आणि 'तू सुखाने जग' ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. अक्षर एकच, पण पहिल्यातील ज जिभेचा मधला भाग टाळूला लावून निघतो, तर दुसऱ्यातील दातांजवळून. 'चार गाई' आणि 'गाईचा चारा' ह्यांतही तोच भेद. लेखनात तो दिसत नाही. वाक्याचा अर्थ कळला तरच उच्चार ठरतो. मराठी वाचणाऱ्या यंत्रांचा कस ह्या ठिकाणी लागतो, आणि ती येथे अजून अडखळतात.

आकड्यांची निराळी तऱ्हा आहे. १९५२ हे वर्ष असेल तर 'एकोणीसशे बावन्न', रुपये असतील तर 'एक हजार नऊशे बावन्न', आणि दूरध्वनीच्या क्रमांकाचा भाग असेल तर 'एक, नऊ, पाच, दोन'. शिवाय मराठीत शंभरापर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येस स्वतंत्र नाव आहे. साठाला एक कमी म्हणून एकोणसाठ, पण अठ्ठावन्नाचे नाव पन्नासाच्या बाजूचे. ही सर्व नावे यंत्रास एकेक करून द्यावी लागतात.

वाणीचा गोडवा हा प्रश्न त्यामानाने दुय्यम आहे, निदान रोजच्या वापरणाऱ्यांच्या दृष्टीने. सरावलेला कान साधारण वाचनाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने ऐकतो. एवढ्या वेगात मानवी वाटणारा मऊ आवाज अस्पष्ट होतो आणि 'ईस्पीक'सारख्या विनामूल्य प्रोग्रामचा कोरडा, धातूसारखा आवाज अधिक स्वच्छ कळतो. ईस्पीकमध्ये मराठीची सोय आहे. पाहुण्याला तो आवाज कर्कश वाटतो. ज्याला दिवसाला शंभर निरोप ऐकावयाचे आहेत त्याला तो वाटत नाही.

पण हे सर्व व्हावयाचे तर मजकूर यंत्राला मजकूर म्हणून कळला पाहिजे. युनिकोड ह्या पद्धतीत प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षरास एक क्रमांक नेमलेला आहे. देवनागरीच्या वाट्यास २३०४ ते २४३१ हे १२८ क्रमांक आले आहेत. 'मराठी' हा शब्द यंत्राच्या स्मृतीत २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८ असा असतो: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. संगणकावरील जुन्या मराठी टंकांत तसे नव्हते. त्यांत रोमन अक्षराच्या क्रमांकावर देवनागरी अक्षराचे केवळ चित्र बसविलेले असे. कागदावर छापले की उत्तम मराठी दिसे. पडदावाचकाला मात्र आत रोमन अक्षरांची निरर्थक रांगच मिळते आणि तो तीच वाचतो. अशा टंकांत जुळविलेली पुस्तके व परिपत्रके आजही पुष्कळ आहेत. त्याहून वाईट स्थिती छायाचित्राची. परिपत्रकावर शिक्का मारून, सही करून, त्याचा फोटो काढून तो मोबाइलवर पाठविण्याची प्रथा कचेऱ्यांतून व शाळांतून सर्रास रूढ आहे. त्यात अक्षर एकही नसते, नुसते ठिपके असतात. अलीकडे चित्रातील अक्षरे ओळखणारे प्रोग्राम निघाले आहेत हे खरे. परंतु सहीच्या फराट्याखाली दबलेली तारीख त्यांना बरोबर वाचता येईलच, असा भरवसा धरवत नाही. आणि परीक्षेच्या वेळापत्रकात तारीख हीच मुख्य गोष्ट असते.

पैसा आणि गुप्त आकडा

नोटेचे उदाहरण घेऊ. जुनी शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब होती व पाचशेची १६७. बोटांत धरून दोहोंतील एक सेंटिमीटरचा फरक सवयीने कळे. २०१६ च्या नोव्हेंबरपासून निघालेल्या नव्या मालिकेत शंभराची नोट १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५० मिलिमीटर आहे. तिन्हींची रुंदी ६६ मिलिमीटर. शेजारच्या दोन नोटांत आता चार मिलिमीटरांचेच अंतर राहिले. मोठ्या नोटांवर उठावाच्या खुणा आहेत, पण वापराने त्या झिजतात. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी 'मनी' नावाचे एक ॲप प्रसिद्ध केले. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे नोट धरली की ते तिचे मूल्य बोलून किंवा कंपनाने सांगते, आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. भाजी बाजाराच्या गर्दीत एका हातात पिशवी, दुसऱ्यात नोट आणि मोबाइल धरावयाचा कशात, हा प्रश्न उरतोच; तरी घरी बसून पाकीट लावून ठेवण्यास हे साधन फार उपयोगी आहे.

नोटेऐवजी मोबाइलनेच पैसे द्यावयाचे, तर गुप्त आकडा काचेवर उमटवावा लागतो, आणि पडदावाचक तो मोठ्याने उच्चारील. कानात श्रवणयंत्रिका घातली तर शेजाऱ्यास ऐकू जाणार नाही. पडद्याचा प्रकाश पूर्ण मालवण्याचीही सोय आहे, म्हणजे मागून डोकावणाऱ्यास काळी काच दिसेल. डोळसाला ही चैन नाही. पण काही ॲपांत सुरक्षिततेच्या नावाखाली आकड्यांचे बटणच पडदावाचकापासून लपविलेले असते. काही ठिकाणी वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहा म्हणतात. बँकेत खाते उघडण्यासाठी कॅमेऱ्यापुढे चेहरा एका चौकटीत आणून पापण्यांची उघडझाप करा म्हणतात. चौकट न दिसणाऱ्याने चेहरा तीत कसा आणावा?

ह्या शेवटच्या अडचणीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. अर्जदारांत ॲसिड-हल्ल्यात चेहरा व डोळे जायबंदी झालेल्या स्त्रिया होत्या, तसेच एक पूर्ण अंध व्यक्तीही होती. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने असा निर्णय दिला, की संगणकीय सेवांपर्यंत पोचता येणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे; आणि ओळख पटविण्याच्या रीती दिव्यांगांना जमतील अशा कराव्या म्हणून वीस निर्देश दिले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम त्यापूर्वीच अमलात होता, आणि भारतीय मानक ब्यूरोने सुगम्यतेसाठी आय. एस. १७८०२ हे मानकही प्रसिद्ध केले आहे. म्हणजे कायदा आहे, मानक आहे, न्यायालयाचा आदेश आहे. नाव नसलेली बटणेही अद्याप आहेत.

लक्ष्मीबाई नगरापासून काही किलोमीटरांच्या टापूत ह्या विषयाची बरीच शाळा भरलेली आहे. रामकृष्ण पुरम येथे राष्ट्रीय अंध संघटनेच्या दिल्ली शाखेचे काम चालते. हौजखासच्या आय. आय. टी.त २०१४ साली 'स्मार्टकेन' ही काठी सिद्ध झाली. ती श्रवणातीत ध्वनिलहरींनी गुडघ्याच्या वरचे, पांढऱ्या काठीला न लागणारे अडथळे ओळखून हाताला कंपनाने कळविते. मुंबईत सेंट झेवियर महाविद्यालयाचे केंद्र २००३ पासून ह्याच क्षेत्रात आहे.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

शिक्षकांनी प्रथम स्वतःच्या मोबाइलवर 'सेटिंग' मध्ये जाऊन 'ॲक्सेसिबिलिटी' ह्या विभागातील पडदावाचक शोधावा. अँड्रॉइड मोबाइलवर आवाज कमी-जास्त करण्याच्या दोन्ही कळा एकदम तीन सेकंद दाबल्या की तो सुरू वा बंद व्हावा, अशी योजना तेथेच करून ठेवता येते. ती केल्यावाचून प्रयोगास आरंभ करू नये, कारण पडदावाचक सुरू होताच काचेची नेहमीची रीत बदलते आणि तो बंद करणे नवख्याला साधत नाही. नंतर एका विद्यार्थ्याचे डोळे रुमालाने बांधावे आणि 'उद्या शाळेस सुट्टी आहे' हा निरोप मित्रास पाठविण्यास सांगावे. इतरांनी दोन गोष्टींची टिपणे करावी: किती वेळ लागला, आणि नाव नसलेली बटणे किती भेटली. हाच निरोप दोन निरनिराळ्या ॲपांतून पाठवून पाहिला तर आकड्यांत केवढी तफावत पडते, ते मुलांच्या लक्षात येईल. एका तासाच्या ह्या खेळावरून दृष्टिहीनांच्या कौशल्याचे माप मात्र काढू नये. त्यांचा सराव वर्षांचा असतो.

दुसरी परीक्षा शाळेने पालकांस पाठविलेल्या सूचनांची. सूचना मोबाइलवर उघडून तिच्यातील एका शब्दावर बोट दाबून धरावे. शब्द निवडला जाऊन त्याची नक्कल करता आली, तर ती अक्षरे आहेत. न आली, तर बहुधा ते चित्र आहे. शब्दाची नक्कल करून दुसरीकडे चिकटविल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ उमटला, तर टंक जुना आहे.

सार्वजनिक ग्रंथालयांसाठी एक माहिती अशी, की 'सुगम्य पुस्तकालय' हे दृष्टिहीन वाचकांचे राष्ट्रीय संग्रहालय २४ ऑगस्ट २०१६ पासून इंटरनेटवर आहे. त्यातील पुस्तके मोबाइलवर घेऊन पडदावाचकाने ऐकता येतात. ज्यांना छापील अक्षर वाचता येत नाही अशा वाचकांना प्रकाशकाच्या परवानगीवाचून अशी प्रत देता यावी, ही मुभा आपल्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आली. आंतरराष्ट्रीय स्तरावर ह्याच हेतूने मराकेश येथे २०१३ साली झालेला करार संमत करणारा पहिला देश भारत होता. आपल्या ग्रंथालयाच्या सभासदांत असा कोणी वाचक असेल, तर त्याची नोंदणी कोठे व कशी होते ह्याची चौकशी ग्रंथपालांनी करून ठेवावी. नोंदणीस दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हाताशी असलेले बरे.